आल्माची जागा

१२ ऑक्टोबर

आज बोटी पाण्याबाहेर काढल्या. सकाळी क्रेन आली तेव्हा गवतावर दंव होतं. संध्याकाळी खाडीत एकही बोट उरली नव्हती. मला हा दिवस आवडतो. उन्हाळाभर जो तो आपापल्या बेटामागे जाऊन बसतो, आज मात्र सगळे एकाच दोरीला हात लावतात.

माझी बायको सिव आली नाही. ऑगस्टमध्ये वल्ह्याच्या होडीतून बोटीवर चढताना ती दोन्हींच्या मधे पडली, तेव्हापासून तिचा खुबा धड झालेला नाही. आमची बोट खाडीच्या मध्यावर बोयाला बांधलेली असते, तिथवर होडीनेच जावं लागतं. हॉस्पिटलातून परतताना गाडीत ती म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात जेट्टीवरून एका पावलात चढता येणार असेल तर मला बोलाव. नाहीतर तू आणि तुझी बोट."

आतल्या जेट्टीवर जागा मिळावी म्हणून थांबलेल्यांच्या यादीत मी पहिला आहे. कित्येक वर्षं पहिलाच आहे. तिथली जागा सुटते ती कुणी मेलं तर, कुणी बोट विकली तर, किंवा एक जूनपर्यंत बोट तरंगत आपल्या जागी आली नाही तर. या तिसऱ्या नियमाने आजवर कुणाची जागा गेलेली नाही.

यंदा मी आवार समितीत आहे. हिवाळ्यात कुणाची बोट कुठे उभी राहील ते माझ्या हातात आहे. एवाल्डच्या 'आल्मा'ला मी शेडमध्ये जागा दिली. एवाल्ड पोस्टातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, गुडघे गेलेले. 'आल्मा' पाइनच्या फळ्यांची, त्याच्याहून जुनी. दर हिवाळ्यात ती पाण्याकडेच्या आल्डर झाडांखाली, ओल्या जमिनीवर, ताडपत्रीची दोन्ही तोंडं उघडी ठेवून उभी असे. उन्हाळ्यात ती सात नंबरला असते, किनाऱ्याला अगदी लागून, वारा न लागणारी जागा. एवाल्ड तिथून निघून खाडीच्या तोंडापर्यंत जातो, कॉफी उकळतो, परत येतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

क्रेनच्या पट्ट्यांपाशी अल्वार उभा होता. धक्का तो सांभाळतो.

"लाकडाची बोट हीटरच्या शेडमध्ये?" तो म्हणाला.

"एवाल्ड ऐंशीचा होईल आता. उणे दहात ताडपत्रीखाली खरवडत बसू दे म्हणतोस?"

"मी बोटीचं विचारतोय."

"मी माणसाचं बोलतोय."

तो पट्टे आवळायला वळला.

९ नोव्हेंबर

पहिला बर्फ. शेडमध्ये अंगातलं जॅकेट काढून काम करता येतं. आमची बोट मी दाराशीच घेतली आहे, पॉलिश करायला उजेड बरा पडतो. 'आल्मा' मागच्या भिंतीशी, हीटरजवळ. म्हाताऱ्याला ऊब हवी.

एवाल्डने वेलची घातलेले पाव करून आणले होते. जरा करपले होते. आम्ही त्याच्या बोटीच्या टेकूपाशी बसून खाल्ले.

"म्यर्ता गेल्यापासून इथे माझ्याशी कुणी नीट बोललंच नाही बघ," तो म्हणाला. "दुःखाचं विचारावं लागेल म्हणून हवापाण्याचंसुद्धा विचारत नाहीत."

"लोकांना जमत नाही," मी म्हणालो.

"तुला जमतं."

घरी आल्यावर सिवने विचारलं, "आज एवाल्डवर काय उपकार करून आलास?" तिची बोलण्याची पद्धतच तशी आहे. खुबा दुखत असला की जास्त.

१४ डिसेंबर

एवाल्डने बोटीखाली ओली पोती पसरली होती आणि पाण्याने भरलेल्या बादल्या मांडल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, लाकूड फार सुकतंय, हवेत जरा ओल हवी. मी त्याला भिंतीवरचे शेडचे नियम दाखवले. जमिनीवर पाणी चालत नाही. विजेच्या तारा खालूनच गेल्या आहेत, शिवाय शेजारच्या दोन बोटींना नुकतं रोगण लावलंय, त्यावर वाफ धरेल.

"पूर्वी कुणी काही म्हणत नसे," तो म्हणाला.

"पूर्वी तू शेडमध्ये नव्हतास."

त्याने स्वतःच पोती गोळा केली. मी बादल्या बाहेर ओतायला मदत केली. बर्फावर पाणी ओतताना क्षणभर वाटलं, एक बादली राहिली असती तर काय बिघडलं असतं? पण मग दुसरा उद्या किटली ठेवील, तिसरा शेगडी. नियम एकाला आणि एकाला नाही असं चालत नाही. चाळीस वर्षं विम्यासाठी नुकसानीची पाहणी केली, प्रत्येक जळक्या घराची सुरुवात कुणाला तरी दिलेल्या सवलतीत सापडली.

१९ जानेवारी

खाडी गोठली. शेडमध्ये मी आणि एवाल्ड दोघंच होतो. मधेच त्याने हात वर केला.

"ऐक."

'आल्मा'मधून बारीक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक.

"बोलतेय," तो म्हणाला. "पूर्वी हिवाळ्यात कधी बोलायची नाही."

मी म्हटलं, हीटरचा पत्रा असेल. तसा तो असूही शकतो.

१६ फेब्रुवारी

फळ्यांमधले सांधे उघडले आहेत. एवाल्डने आत दिवा लावला आणि बोटीला बाहेरून चहूबाजूंनी उजेडाच्या रेघा दिसल्या. दिसायला खरं तर सुंदर होतं. तो खाली बसून बघत होता.

मग म्हणाला, "बिर्गर, हिला बाहेर नेऊया. बर्फ लोटून तिच्या अंगाला लावतो. अजून वेळ आहे, पिईल ती."

"कशी नेणार? वाट अडली आहे."

"दाराशी तर तुझीच आहे. अल्वारचा ट्रॅक्टर आला तर तासाभराचं काम."

मी त्याला समजावलं. माझ्या बोटीच्या एका अंगाला नुकतं पॉलिश झालंय. ट्रॅक्टर आत आला की धूर होतो, धूळ उडते. एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच निघतील. त्याने मान हलवली. तो वाद घालत नाही, हा त्याचा मोठा गुण.

निघताना म्हणाला, "तुला त्रास देतोय मी."

मी म्हटलं, अजिबात नाही.

सिवला सांगितलं. तिने विणकाम खाली ठेवलं. "हलवायची नव्हती की हलवता येत नव्हती?"

"दोन्ही."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

९ मार्च

बोटी पाण्यात सोडायच्या दिवसाचा क्रम लावला. यंदा सगळं एका दिवसात उरकणार. क्रेन संध्याकाळी पलीकडच्या गावाच्या क्लबला जाईल, तसं मी ठरवून टाकलं आहे. समितीत सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त अल्वार म्हणाला, "'आल्मा'चं काय?"

दरवर्षी ती शेवटची उतरते. रात्रभर क्रेनच्या पट्ट्यांतच, अर्धी पाण्यात, लटकत राहते. फळ्या पाणी पितात, फुगतात, सांधे आपले आपण मिटतात, मग सकाळी पट्टे सोडतात. एका बोटीसाठी क्रेन, क्रेनवाला आणि एवाल्डसाठी थर्मास घेऊन जागणारा अल्वार. यंदा ते बसत नाही.

"मग तिचे सांधे आधीच बंद करावे लागतील," मी म्हणालो.

"कशाने?"

"काहीतरी असेलच. आता सगळ्यावर काहीतरी मिळतं."

अल्वार माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. तो मुळात मंद आहे.

१२ एप्रिल

बर्फ गेला. आवारात सगळीकडे खरवडण्याचा आवाज, तळाच्या रंगाचा वास, बायका गाद्या झटकतायत. माझा सर्वांत आवडता आठवडा.

एवाल्ड दुकानापर्यंत गाडी चालवत जाऊ शकत नाही म्हणून सांध्यांत भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, मी आणून देतो म्हणालो. बोटींच्या सामानाच्या दुकानात दोन भाग मिसळायची लांबी होती, डब्यावर लिहिलं होतं की पाण्याखालीही धरते. दुकानवालीने विचारलं, कशाला हवी. मी सांगितलं.

"लाकडी बोट? किती कोरडी आहे?"

"हिवाळाभर शेडमध्ये होती."

"मग ही नका नेऊ. हिचा दगड होतो. धरते चांगली, प्रश्नच नाही. पण फळ्या फुगल्या की त्यांना सरकायला जागा उरत नाही. मग त्या बोटीच्या आतल्या फासळ्याच मोडतात. जवसाच्या तेलाची मऊ लांबी न्या, आणि तिला महिनाभर ओली ठेवायला सांगा."

मऊ लांबी लावली तर पट्ट्यांत लटकवावं लागेल. क्रेन तर थांबणार नाही. मी दोन डबे घेतले, दगडवालेच. एवाल्डला सगळं सांगेन म्हटलं, मग त्याचं तो ठरवील. तो काही लहान नाही.

१३ एप्रिल

एवाल्ड डबे पाहून इतका खूश झाला की मधे बोलायला फटच मिळाली नाही. त्याने चष्मा दोनदा पुसून डब्यावरचं वाचलं.

"माझा बाप काथ्या ठोकायचा आणि मऊ लांबी भरायचा," तो म्हणाला. "हे कडक वाटतंय जरा. दुकानवाली काही म्हणाली?"

"म्हणाली, धरते चांगली."

ती तसं म्हणालीच होती.

"पट्ट्यांत लटकवायचं नसेल तर दुसरं काय करणार म्हणा," तो म्हणाला. "तुला माहीत असतात या गोष्टी."

दुपारभर मी त्याला लांबी कालवून दिली. त्याचे हात थरथरतात, पण सांध्यावर पट्टी फिरवताना थरथरत नाहीत. बाकीचं सांगायचं राहून गेलं. रात्री जरा चुकल्यासारखं वाटलं. मग विचार केला, दुकानवाले नेहमी घाबरवतात.

१० मे

बोटी पाण्यात. 'आल्मा' पहिली. अल्वारने पट्टे लगेच सोडले नाहीत, आत उतरून दिवा फिरवून पाहिलं. थेंब नाही. जेट्टीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. एवाल्डने टोपी काढली आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, "यानं वाचवली."

तो स्वतः चालवत तिला सात नंबरला घेऊन गेला.

मला जे वाटलं ते निराशेसारखं होतं. असं कागदावर लिहिताना विचित्र दिसतं. सकाळपासून उभा होतो, थकवा असणार.

आमची बोट बोयाला. सिव किनाऱ्यावरून हात हलवून गाडीत जाऊन बसली.

१३ मे

एवाल्डचा फोन. 'आल्मा'च्या आतून अक्रोड फोडल्यासारखे आवाज येतायत म्हणाला. जाऊन पाहिलं. पाण्यालगत एका ठिकाणी फळी बाहेर आल्यासारखी वाटत होती. एवाल्ड तळाशी गुडघ्यांवर बसला होता, तळहात फासळीवर ठेवून.

"लाकूड बसतंय," मी म्हणालो.

"हे बसणं नाही रे. अल्वारला सांगून धक्क्याच्या उतारावरून वर ओढून घेऊया का? आत्ताच्या आत्ता?"

उतारावर जेट्टीचे सुटे भाग रंगवून वाळत ठेवले आहेत. ते समितीचं काम, मीच ठेवायला सांगितले. रविवारपर्यंत हलवता येत नाहीत. तसं त्याला सांगितलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. रागावलेला वाटला नाही, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा वाटला.

"रविवारपर्यंत," तो म्हणाला.

"रविवारी पहिलं काम हेच."

१५ मे

'आल्मा' सात नंबरलाच बुडाली. सकाळी फक्त केबिनचं छप्पर आणि झेंड्याची काठी वर होती. एवाल्ड जेट्टीवर ओल्या बुटांनी उभा होता. पंप मारत बसला होता म्हणे, पहाटे हात चालेनासे झाले.

अल्वार आणि आणखी तिघांनी ट्रॅक्टर लावून ती बाहेर ओढली. (सुटे भाग त्यांनी बाजूला फेकले, रंग गेला.) एका अंगाच्या जवळजवळ सगळ्या फासळ्या मोडल्या होत्या. अल्वारने चाकूने सांधा उकरायचा प्रयत्न केला, चाकूचं टोक तुटलं. तो एवाल्डकडे वळला.

"हे कुणी आणून दिलं तुला?"

मी शेजारीच उभा होतो. खरं सांगायची माझी तयारी होती.

"मीच आणलं," एवाल्ड म्हणाला.

"तू? गाडी कधीपासून चालवायला लागलास?"

"बसने गेलो."

दुकानाच्या बाजूला बस जातच नाही. अल्वारलाही ते माहीत आहे. या वयात माणसाची स्मरणशक्ती अशी दगा देते, वाईट वाटतं. त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडणं बरं दिसलं नसतं.

निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला, मग खांदा थोडा खाली केला. हात आपोआप सुटला.

१ जून

सात नंबर नियमाप्रमाणे आमच्याकडे आला. समितीत मी मत दिलं नाही, माझा त्यात हितसंबंध होता. एकानेही विरोध केला नाही. अल्वार आला नव्हता.

जागा खरोखर उत्तम आहे. दुपारी मोठा वारा होता, बोयांवरच्या बोटी नाचत होत्या आणि इथे कप हललासुद्धा नाही.

सिवला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता एक पाऊल."

"एकच पाऊल."

तिने विणकाम पुन्हा हातात घेतलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. खुबा बराच बरा आहे असं डॉक्टर म्हणतात, पण मन सावरायला वेळ लागतो.

७ जून

मोडक्या बोटी आवारात ठेवता येत नाहीत. ट्रकवाल्याने 'आल्मा'चे तीन तुकडे केले आणि नेले. एवाल्डला आधी कळवायला हवं होतं असं अल्वार म्हणतो. पण त्याने ते पाहिलं नाही हेच बरं झालं. तो आला तेव्हा जमिनीवर फक्त भुसा होता. त्याने थोडा वेळ बुटाने तो इकडेतिकडे केला.

मग मी त्याच्याकडून फाटकाची किल्ली परत घेतली. बोट नसलेल्या सभासदाला जेट्टीची किल्ली मिळत नाही, गेल्या वर्षी दोघांकडून अशीच घेतली होती. मला ते बोलणं अवघड गेलं, हे इथे लिहून ठेवतो. त्याने कड्यातून किल्ली काढायला बराच वेळ लावला. नखं राहिलेली नाहीत त्याला, लांबीने खाल्ली.

"मला सकाळी इथे बसायची सवय आहे," तो म्हणाला.

मी विचार केला आणि मार्ग काढला. सभासदाबरोबर पाहुणा आत येऊ शकतो.

"मी असेन तेव्हा ये की. फाटकापाशी उभा राहा, मी उघडीन."

"तू कधी असतोस?"

"शनिवारी. रविवारी."

"बरं," तो म्हणाला. "आभारी आहे."

मनावरचं ओझं उतरलं.

१४ जून

शनिवार. स्वच्छ ऊन. सिव आज पहिल्यांदा आली. जेट्टीवरून बोटीवर, हात न धरता, एका पावलात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी ही सगळी वर्षं थांबलो होतो.

मी हेरिंग, नवे बटाटे, आंबट साय असं मांडलं. कॉफीही केली. बाजूच्या बोटीवरच्यांना जेवायला बोलावलं होतं, गप्पा चालल्या होत्या, ते पहिल्यांदाच आमचे शेजारी होत होते.

तेवढ्यात फाटकापाशी एवाल्ड दिसला. चांगला कोट घातला होता, हातात कागदाची पिशवी, बहुधा पाव. त्याने हात वर केला नाही, नुसता उभा राहिला. फाटक तसं लांब आहे. मला वाटलं, पाहुणे आहेत हे त्याला दिसेल आणि तो समजून घेईल. पाच मिनिटांनी उठू म्हटलं.

"बिर्गर," सिव म्हणाली, "तो तुझी वाट बघतोय."

"बटाटे गार होतील. त्याला कुठे घाई आहे."

"लांबी तूच आणली होतीस ना?"

शेजारी ऐकत होते. मी म्हटलं, हे काय बोलायचं ठिकाण आहे?

"नाही," ती म्हणाली. "ठिकाण फार छान आहे."

तिने दोन कपांत कॉफी ओतली, दोन्ही कप एकाच हातात धरले आणि उठली. एक पाऊल, आणि ती जेट्टीवर होती. मी पाहत राहिलो, किती सहज जमतं तिला आता. बोयावर असतो तर मलाच तिला होडीने किनाऱ्यावर सोडावं लागलं असतं. फाटक तिने आतून कोपराने ढकलून उघडलं. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. एवाल्डने पिशवी उघडली.

मी आणि शेजाऱ्यांनी जेवून घेतलं. नंतर पाहिलं तर बाक रिकामा होता. फाटक आपोआप लागतं. तिच्याकडे किल्ली नाही, परत यायचं असेल तर हाक मारील म्हणून मी संध्याकाळपर्यंत तिकडे कान देऊन होतो.

आता नऊ वाजलेत, अजून लख्ख उजेड आहे. घरी फोन केला, कुणी उचलत नाही. रात्री बोटीवरच झोपीन. पाणी इतकं शांत आहे की आपण तरंगतोय हेसुद्धा कळत नाही.